गच्चीवरचे डोहाळे

शाल्मली स्वयंपाकघरात आली ती जीभ टाळूवर फिरवतच. तोंडात काहीतरी अजून शिल्लक असावं आणि ते संपू नये, असा तिचा चेहरा होता.

"मम्मी, आज पुन्हा तेच," ती ओट्याला टेकून म्हणाली. "तापीचा काठ. पाणी मागे सरलेलं. चिखल कसा, लोण्यासारखा. आणि मी मुठी भरभरून खातेय."

"चिखल?" मोनालीने चहात साखर टाकता टाकता विचारलं.

"चिखलच. गोड नाही, खारट नाही. पण असं वाटत होतं, की इतके दिवस हेच खायचं राहून गेलं होतं."

"आधी दात घास."

"घासले तर चव जाईल ना."

मोनाली हसली. तोवर तिला हसू येत होतं.

बऱ्हाट्यांचं घर भुसावळला, रेल्वे यार्डाच्या मागच्या गल्लीत होतं. मोनालीचा नवरा योगेश मालगाडीचं इंजिन चालवायचा आणि घरापेक्षा गाडीवरच जास्त असायचा. सासरे, म्हणजे नाना, रेल्वेतूनच गार्ड म्हणून निवृत्त झालेले. शाल्मली एकुलती एक. नुकतीच नववीची परीक्षा दिलेली. अभ्यासात वरच्या पाचांत, बोलण्यात पहिली.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या काही शाळांनी नववीच्या मुलांना 'स्वप्नपाठ' सुरू केला होता. मनगटावर एक मऊ पट्टी आणि उशाशी पेढ्यांच्या डब्याएवढी एक डबी, एवढाच त्याचा पसारा. पालकांच्या सभेत तो समजावून सांगितला होता तडवी मॅडमनी. त्या मूळच्या यावलच्या, आहारशास्त्र शिकलेल्या आणि फळ्यापेक्षा मुलांच्या डब्यांत अधिक डोकावणाऱ्या.

सभेत त्यांनी आधी मुलांना उभं केलं.

"लोह कशात असतं?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, खजूर, हळीव, बीट!"

"शाब्बास. आज डब्यात काय होतं?"

मागच्या बाकावर कुणीतरी कुरकुऱ्यांचं रिकामं पाकीट मुठीत चुरगाळलं, त्याचा आवाज सगळ्या पालकांना ऐकू गेला.

"बघा," तडवी मॅडम म्हणाल्या. "पेपरात यांना पैकीच्या पैकी मिळतात. पण काय खायचं हे पेपर ठरवत नाही. मैत्रिणी ठरवतात, जाहिराती ठरवतात, खिशातले पैसे ठरवतात आणि सगळ्यात जास्त घरातली सवय ठरवते. आम्ही गेली कित्येक वर्षं डोक्याला शिकवत होतो. भूक राहते दुसऱ्याच घरात. आता तिचं दार वाजवायचं ठरवलंय."

ते दार म्हणजे नाक. डोळ्यांना दिसलेलं, कानांना ऐकू आलेलं, त्वचेला जाणवलेलं सारं मेंदूत शिरताना आधी एका चौकीवर थांबतं. झोपेत ती चौकी जवळजवळ बंद असते, म्हणून झोपलेल्या माणसाला बाहेरचं जग दिसत नाही. वासाला मात्र त्या चौकीवर थांबावं लागत नाही. तो मागच्या दाराने थेट तिथे पोचतो, जिथे आठवणी आणि आवडीनिवडी साठवलेल्या असतात. पहाटे, स्वप्नं सगळ्यात दाट असतात तेव्हा, डबी तेवढ्याच वेळापुरता एखादा वास सोडते. कोणता, ते मनगटावरची पट्टी ठरवते. ती त्वचेतून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग वाचते, घामातून क्षार वाचते आणि शरीरात काय कमी आहे याचा अंदाज बांधते. ज्याला कॅल्शियम कमी पडतं त्याला तिळाचा, दुधाचा वास. ज्याला प्रथिनं कमी, त्याला भाजलेल्या हरभऱ्याचा. वास आला की नाडी कशी हलते, श्वास कसा बदलतो, हे पट्टी टिपत राहते, आणि ज्या वासाला शरीर जास्त ओ देतं तो डबी दुसऱ्या दिवशी थोडा वाढवते. चित्र कुणी दाखवत नाही. ते झोपलेला मेंदू स्वतःच रंगवतो. सकाळी मूल उठतं ते त्या पदार्थाची ओढ घेऊन.

"आम्ही नुसते दुभाषे," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मधे आकडे सांगणार नाही. आकडा आला की मूल पुन्हा परीक्षेला बसतं. अहवाल जूनमध्ये, शाळा उघडली की."

"मॅडम, पोराला स्वप्नात पिझ्झाच दिसला तर?" एका वडिलांनी विचारलं.

"तर डबी परत आणून द्या, बिघडली समजा."

सभा हसली. आणि खरोखर, चार-दोन आठवड्यांत गल्लीगल्लीतून गमती ऐकू येऊ लागल्या. दुधाच्या वासाने पळणारा एक मुलगा सकाळी सकाळी खरवस मागत बसला. कुणाला शेवग्याच्या शेंगांचं रान दिसलं, कुणी तिळाच्या पावसात भिजलं. आया खूश होत्या. आपण घसा फोडून सांगत होतो ते पोरं झोपेत ऐकताहेत, म्हणत होत्या.

शाल्मलीला तेवढा चिखल दिसत होता.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी पाण्याचा माठ फुटला. मोनालीने खापऱ्या गोळा करून मोरीजवळ ठेवल्या आणि जरा आडवी झाली. उठून पाहते तर शाल्मली मोरीच्या कोपऱ्यात उकिडवी बसलेली. हातात ओलसर खापरी. ओठांवर तांबूस भुगा.

"काय करतेस गं?"

"वास घेत होते."

"वास नाकाने घेतात."

शाल्मलीने ओठ पुसले. तिला स्वतःलाच लाज वाटली असावी. "मम्मी, मला कळत नाही काय होतंय. हात आपोआप जातो."

दारात शकूआक्का उभी होती, शेजारीण, विरजण मागायला आलेली. तिने पाहायचं तेवढं पाहिलं. वाटी घेऊन निघताना मोनालीला जिन्यापर्यंत घेऊन गेली आणि आवाज इतका खाली आणला, की मोनालीला वाकावं लागलं.

"मातीचे डोहाळे हे, मोनाली."

"काहीतरीच काय आक्का! लहान आहे ती."

"मी काही बोलले नाही. पण चेहरा बघ तिचा, कसा पांढरा पडलाय. जिना चढताना धापा टाकते. तुझं लक्ष आहे ना, एवढंच विचारते. मला तरी कुठं सांगायचंय कुणाला."

शकूआक्का गेली, पण ते वाक्य जिन्यात तसंच राहिलं.

मोनालीला माती माहीत होती. शाल्मली पोटात असताना तिने ती खाल्ली होती. रावेरला माहेरी गेली की कुंभाराच्या भट्टीमागून भाजक्या मातीचे तुकडे पदरात लपवून आणायची. आईने पकडलं तेव्हा आई रागावली नव्हती, हसली होती. पोटातल्या बाळाला हवंय म्हणाली होती. शरीराला हवं-नको असतं आणि ते मोठ्याने मागायचं असतं, हे मोनालीला आयुष्यात त्या महिन्यांतच कळलं होतं. आधी नाही, नंतरही नाही. त्यामुळे शरीर माती मागतं याचा तिला एकच अर्थ ठाऊक होता.

ती आठवू लागली तसतसं सगळं जुळत गेलं. थकवा जुळला. सकाळची चक्कर जुळली. पाळी पुढे गेली होती, शाल्मलीच म्हणाली होती, आणि मोनालीने परीक्षेचा ताण म्हणून सोडून दिलं होतं. आता तेही जुळलं. एकदा संशयाने मांडामांड सुरू केली की घरातली प्रत्येक वस्तू त्याला उपयोगी पडते.

तिने योगेशला फोन लावला. तो खंडव्याच्या अलीकडे सिग्नलला थांबला होता.

"तू विचारलंस का तिला?" सगळं ऐकून तो म्हणाला.

"असं विचारतात का पोरीला?"

"मग कसं विचारतात?"

"तुम्ही गाडी चालवा. पुढच्या सुट्टीला आलात की जळगावला जाऊ, डॉक्टरकडे. इथे नको. समोरचा मेडिकलवाला गोळी कशाची हे आधी गल्लीला सांगतो, मग आपल्याला देतो."

"आणि काही नसेल तर?"

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, शाळेत. 'जूनपासून शाल्मली येणार नाही. मामाकडे राहील रावेरला,' असं तडवी मॅडमना सांगितलं. का, हे मॅडमनी दोनदा विचारलं. मोनाली दोन्ही वेळा 'घरगुती' म्हणाली.

मे महिना तापला. वीज दिवसभर असायची ती रात्री दमून जायची. गल्लीतले लोक अंथरुणं घेऊन वर जायचे. बऱ्हाट्यांची, शकूआक्काची आणि पलीकडच्या बंद घराची गच्ची एकच होती, मधे कठडा नाही. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, फरशी निवली की गाद्या टाकायच्या. शाल्मली मात्र खाली मधल्या खोलीत झोपायची, डबी उशाशी घेऊन, दार-खिडकी लावून.

"आजपासून वर झोपायचं," मोनाली म्हणाली. "माझ्याजवळ."

"वर नको. डबीला बंद खोली लागते."

"डबी राहू दे खाली."

"मार्क आहेत तिचे. पण असं अचानक का?"

"गरम होतं खाली."

"इतके दिवस होत नव्हतं?"

मोनालीने तिची उशी उचलली आणि जिन्याची वाट धरली. शाल्मलीने डबी उचलली, गादी काखोटीला मारली आणि पुटपुटत वर गेली.

डबी बनवणाऱ्यांनी चार भिंती धरल्या होत्या. मूल एका खोलीत, आपल्या पलंगावर, एकटं झोपतं असं त्यांचं गणित होतं. गच्ची त्या गणितात नव्हती. पहाटेपूर्वी वारा चालू होता तोवर डबीने सोडलेला वास उडून गेला. पट्टी म्हणाली, काही पोचत नाही. डबीने आतली वासाची कुपी आणखी उघडली. तरीही पोचेना. तिने आणखी उघडली. आणि मग, पहाट उजाडायच्या आधी भुसावळला रोज होतं तसं, वारा पडला. सगळा वास गच्चीवर खाली बसला, गार फरशीवर पसरलेल्या चादरीसारखा, आणि तिथे झोपलेल्या प्रत्येकाने तो श्वासात ओढून घेतला.

मोनाली नदीत उभी होती. पाणी घोट्यापर्यंत. तापी इतकी संथ, की वाहते आहे हे फक्त पायांना कळत होतं. डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्यांतून वेल निघून पाण्यात उतरले होते. पुढे शाल्मली चालली होती, पाठमोरी, आणि तिच्या प्रत्येक पावलाखालून मऊ काळी साय वर येत होती. मोनाली वाकली. तिने ती साय बोटावर घेतली आणि जिभेवर ठेवली. एखादं नाव आठवावं तसं तिच्या अंगभर काहीतरी उमललं.

ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा तिला जाग आली. नाना गादीवर मांडी घालून बसले होते आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

"मोनाली," ते म्हणाले, "आज मी भिंत चाटली."

"काय?"

"आमच्या गावच्या घराची. नुकती सारवलेली. कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि दारापर्यंत गेलो. काय चव होती, वा!"

मोनालीने वळून पाहिलं. पलीकडे शकूआक्का तांब्यातल्या पाण्याने चुळा भरत होती. एक झाली, दुसरी झाली, तिसरी.

"आक्का, तुम्हाला पण?" शाल्मली टुणकन उठून बसली.

"मला स्वप्नंच पडत नाहीत."

"मग बोटं का हुंगताय?"

शकूआक्काने हात पदराखाली घेतला. "पडलं जरासं. चूल होती. मातीची, ओली. मी नुसती बघत होते."

"बघून चुळा भराव्या लागतात?" नाना गदगदून हसले. "शकू, आता डोहाळजेवण करावं लागणार तुझं! माझंही त्यातच उरकून टाका."

शाल्मलीही हसली. अगदी मोकळी, डोकं मागे टाकून. आणि हसता हसता तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"डोहाळे?" ती म्हणाली.

शकूआक्का तांब्या उचलून लगबगीने जिन्याकडे निघाली.

शाल्मली आईकडे बघत होती. तिची नजर एकेक गोष्ट उचलून पाहत असावी. पप्पा आले की जळगावचा डॉक्टर, फोनवर कानावर पडलेला. जूनपासून रावेर. खालची खोली बंद.

"मम्मी, तुला वाटलं की मी…"

नाही म्हणायला मोनालीला एक क्षण होता. तेवढ्या क्षणात खोटं बोलता आलं असतं आणि ते कदाचित टिकलंही असतं. तिने तो जाऊ दिला. शाल्मलीने गादीची गुंडाळी केली, उशी वर ठेवली आणि ती जिना उतरून गेली. एकदाही मागे न बघता, आणि मधल्या पायरीवर दम लागला तरी भिंतीला हात न लावता.

तडवी मॅडम त्याच दिवशी आल्या. शाळा सोडण्याचं कारण 'घरगुती' म्हणून सांगितलं की त्या घरी येतात, असा त्यांचा लौकिक होता. नानांनी त्यांना गच्चीवरचा प्रकार हात हलवून हलवून सांगितला. मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी डबी उघडली, कुप्या पाहिल्या आणि त्यांचं हसू मावळलं.

"लोहाची कुपी जवळजवळ रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात आम्ही बीटाचा वास भरलाय. बीटाला मातकट वास येतो ना, तो आणि ओल्या मातीचा वास एकाच पदार्थाचा असतो. माणसाचं नाक त्याच्यासाठी इतकं तिखट आहे, की हवेत त्याचा कण असला तरी ओळखतं. डबीला म्हणायचं होतं बीट खा. पण बीट तुमच्याकडे आठवड्यातून किती वेळा होतं?"

"कधीतरी. सॅलडमध्ये," मोनाली म्हणाली.

"आणि गच्चीवर पाणी रोज मारता. झोपलेल्या मेंदूला जे ओळखीचं, ते त्याने रंगवलं."

"पण ती जागेपणीही खाते," मोनाली म्हणाली. "खापऱ्या."

मॅडमनी शाल्मलीला जवळ बोलावून तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत गुलाबी असायला हवं तिथे कागद होता.

"लोह फार कमी झालं की शरीर माती मागतं. भिंतीचा पोपडा मागतं, कच्चे तांदूळ मागतं. पोटुशी बाई मागते तेही बहुतेकदा त्याच कारणाने, तिचं रक्त दोघांना पुरवायचं असतं म्हणून. तुम्हाला त्यातला अर्धा भाग माहीत होता, ताई." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "आणि आम्हाला दुसरा अर्धा माहीत असून उपयोग झाला नाही. स्वप्नात माती दिसेल, हे आम्ही धरलंच नव्हतं. आकडे मधे सांगायचे नाहीत हाही शहाणपणा आमचाच. ही पट्टी केव्हापासून ओरडत असेल."

"तुला माहीत नव्हतं?" मोनालीने शाल्मलीला विचारलं. "तुला तर पैकीच्या पैकी आहेत यात."

"लोहाच्या अभावाची लक्षणं लिहा, असा प्रश्न येतो," शाल्मली मॅडमकडे बघत म्हणाली. आईकडे नाही. "पाच लिहिली होती मी. ती मला होतील असं पेपरात नव्हतं."

मग हळूहळू बाहेर आलं, की वर्गातल्या चौघींनी डबा बंद केला होता. बारीक राहायचं म्हणून. डबे शाळेमागच्या कुत्र्यांना जात होते आणि चौघी बिनदुधाच्या चहावर संध्याकाळ गाठत होत्या. पाळी लांबली होती तीही या उपाशीपणानेच. घरी जेवण व्हायचं त्यावर पुन्हा चहा, कारण बऱ्हाट्यांकडे जेवणावर चहा लागतोच. चहा अन्नातलं लोह धरून ठेवतो, शरीराला घेऊ देत नाही. तो घोट मोनालीच रोज स्वतःच्या हाताने ओतून देत होती.

रक्त तपासलं. आकडा योगेशने फोनवर दोनदा विचारून घेतला. गोळ्या सुरू झाल्या. लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, चहा लांब ठेवायचा. शाळेत मोनालीने स्वतः जाऊन सांगितलं, की शाल्मली जूनला येईल.

तिला वाटलं होतं, एवढ्याने होईल.

शाल्मली भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती विचारलेल्याचं उत्तर द्यायची. 'हो', 'घेतली', 'नको'. सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बडबडणारी मुलगी कुठेतरी निघून गेली होती आणि तिच्या जागी एक नीटनेटकी पाहुणी आली होती. स्वप्नं ती आता नानांना सांगायची. मोनाली आत आली की नाना एकटेच बोलत राहायचे.

डबी बंद खोलीत न्यायचं ठरत होतं, पण नानांनी मोडता घातला. "राहू द्या वर. या वयात कोण आपल्याला फुकट स्वप्नं दाखवतं?" शकूआक्काही म्हणाली, "वरच बरी, हवा लागते तिला." मॅडमनी कुपीचं तोंड लहान करून दिलं. शाल्मलीची गादी मात्र नानांच्या पलीकडे गेली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला.

आणि रोज पहाटे मोनाली नदीत उतरू लागली.

तिथे शाल्मली बोलायची. तेच तर नवल होतं. दिवसभर ओठ मिटून असलेली पोर त्या उथळ पाण्यात मोनालीच्या बरोबरीने चालायची, डांगराच्या वेलांवरून उड्या मारायची, मूठभर चिखल पुढे करायची, घे म्हणायची. उजेड कुठूनतरी खालून यायचा, पाण्यातून. कधी पलीकडच्या काठावरून एखादी मालगाडी आवाज न करता जायची आणि तिच्या डब्यांत काठोकाठ माती भरलेली असायची. ती शाल्मली नव्हे, आपल्याच मेंदूने काढलेलं चित्र आहे, हे मोनालीला कळत होतं. मॅडमनी ते स्पष्ट सांगितलं होतं, प्रत्येकाची नदी वेगळी. कळूनही ती संध्याकाळपासून पहाटेची वाट बघायची.

गोळ्या काम करत होत्या. शाल्मलीच्या नखांत रंग आला. पट्टी शांत होऊ लागली आणि डबी कमी कमी वास सोडू लागली. नदी आटत चालली. आधी घोट्यापर्यंत होती, मग तळव्यांपर्यंत, मग नुसती ओल. शाल्मली लांबून बोलायची आणि शब्द नीट पोचायचे नाहीत. मोनालीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ती स्वतःच्या हाताने देत असलेली प्रत्येक गोळी त्या पाण्याचा एक घोट पीत होती.

एका दुपारी शाल्मली गोळी घ्यायला विसरली. मोनाली विसरली नव्हती. पाकीट तिच्यासमोर फळीवर होतं. ती त्याच्याकडे बघत भांडी पुसत राहिली. भांडी संपली, मग कोरडीच पुन्हा पुसली. 'एक दिवस,' तिच्या मनात आलं. 'एका दिवसाने काय होतं?'

त्या पहाटे नदी भरून आली. निदान तिला तसं वाटलं.

सकाळी शाल्मली गादी घेऊन उतरत होती. मधल्या पायरीवर ती थांबली, गादी भिंतीला टेकवली आणि खाली बसली. तोंड उघडं, श्वास वर वर. एका चुकलेल्या गोळीने असं होत नाही. मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की जुना अशक्तपणा आहे, वेळ लागेल. पण मोनाली वरच्या पायरीवर उभी होती आणि तिला विचारायचं नव्हतं. तिने जे पाहायचं होतं ते पाहिलं. खाली जाऊन तिने लिंबू पिळलं, गोळी आणली आणि शाल्मली गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

त्यानंतर एकही चुकली नाही. नदी रोज थोडी मागे जात होती आणि मोनाली तिला जाऊ देत होती. नाश्त्याला हळीवाचे लाडू आले, जेवणात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल माठाची भाजी. जेवणावरचा चहा बंद झाला, तेव्हा नानांनी दोन दिवस असहकार पुकारला आणि तिसऱ्या दिवशी ताक मागितलं.

मग एक पहाट अशी आली, की कुणालाच काही दिसलं नाही.

"आज कोरडंच," नाना उठून म्हणाले. तोंडावर स्पष्ट नाराजी होती. "डबी संपली का गं?"

"डबी नाही संपली. मला नकोय आता," शाल्मली पलीकडून म्हणाली. "पट्टी बघा ना, गप्प झालीय."

"तुझं बरं आहे. आमचं काय?"

शकूआक्काने आपलं अंथरूण गुंडाळलं आणि मोनालीकडे न बघता सोडून दिल्यासारखं वाक्य टाकलं, "पोरीच्या गालांवर रंग आला हो." क्षमा मागायची तिची हीच रीत असावी. नाना तिच्यामागून उतरले. गच्चीवर दोघी राहिल्या. ऊन अजून कोवळं होतं. यार्डात डबे एकमेकांना लावण्याचा आवाज येत होता, लांब, झोपेतून येतो तसा.

मोनाली चादरीची घडी घालत होती. घडी सरळ येईना. तिने ती पुन्हा उलगडली.

शाल्मली आली आणि तिच्या गादीच्या कडेला बसली. बरेच दिवस ती इतक्या जवळ बसली नव्हती.

"तुला काय दिसायचं?" तिने विचारलं. "नानांना भिंत दिसायची. आक्काला चूल. तुझं कधी सांगितलंच नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"आता विचारतेय."

"नदी," मोनाली म्हणाली. "तुझीच. तू सांगितली होतीस ती."

"मी असायचे त्यात?"

"असायचीस."

"बोलायचे?"

"खूप."

शाल्मलीने गुडघे जवळ ओढले. "काय बोलायचे?"

चादर मोनालीच्या हातात तशीच राहिली. डांगराच्या वेलांचं, मातीच्या मालगाडीचं काही सांगता आलं असतं. तेही खोटं नव्हतं.

"सगळं बोलायचीस. पण शेवटी रोज एकच विचारायचीस," ती म्हणाली. "मम्मी, मला नुसतं विचारायचं होतंस. का नाही विचारलंस?"

यार्डातला आवाज थांबला. शाल्मली हलली नाही.

"मग तू काय सांगायचीस?"

"मी तोंड उघडेपर्यंत जाग यायची."

शाल्मलीने तिच्या हातातून चादरीचं एक टोक घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"आता जागी आहेस ना," ती म्हणाली. "सांग."

मोनाली सांगू लागली.